एक जूनची पोरं

आमच्या शिरूर कासार तालुक्यात एक जूनला जेवढी माणसं जन्मली, तेवढी वर्षभरात दुसऱ्या कुठल्या दिवशी जन्मली नसतील. मी एक जूनचा. माझा भाऊ एक जूनचा. आम्हाला व्हॉलीबॉल शिकवणारे सर, तेही एक जूनचे. आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर, पोर तिथल्या पाचटाच्या कोपीत जन्मणार. नोंद कुणी ठेवायची? मग शाळेत नाव घालताना मास्तर पोराकडं बघून सहा वर्षं मागं मोजायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. आम्हालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

मग सर देशाच्या ज्युनिअर संघाचे प्रशिक्षक झाले. हे वाक्य मी आजही छाती फुगवूनच लिहितो. बाभळीच्या दोन खांबांना जाळी बांधून ज्यानं आम्हाला उड्या शिकवल्या, तो माणूस देशाचा संघ घडवणार होता. शिबिराला निवडलेल्या पोरांत आमच्याच गल्लीतला एक जण होता. हाताचा इतका जड, की त्यानं मारलेला चेंडू अडवताना माझी करंगळी दोनदा मोडली. त्या करंगळीचाही मला अभिमान आहे.

निवड समितीतल्या एका साहेबानं त्याचा शाळेचा दाखला पाहिला आणि हसला. बीडची सगळी पोरं एकाच दिवशी कशी होतात, असं त्यानं चारचौघांत विचारलं. पोरानं वय चोरलंय, आणि प्रशिक्षक गावचाच म्हणून झाकतोय, असा त्याचा सरळ अर्थ. आठ दिवसांत जन्माची मूळ नोंद आणा, नाहीतर संघातून नाव जाईल, असं ठरलं. नोंद मिळाली नाही तर नाव मीच कापतो, असं सर तिथंच बोलून आले. याचा मला साहेबापेक्षा जास्त राग आला.

सर गावी येईपर्यंत मी पत्रक लिहून तयार. 'उसाचा काटा किलोकिलोनं होतो, लेकराची साधी नोंद होत नाही!' तहसीलवर मोर्चा न्यायचा, तारीखही ठरवली होती. सरांनी उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं.

"बरं लिवलंस. पण पत्रकातून जन्माचा दाखला निघत न्हाई बे. त्याच्या मायला फोन लाव."

ऊसतोड बायांच्या हक्कांवर चार पत्रकं लिहिली होती मी, आणि त्या बाईला विचारायचं मला सुचलं नव्हतं. समितीला सुचलं नव्हतं, मास्तरला तर कधीच नाही.

ती तेव्हा उसाच्या फडातच होती. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जून कावून म्हणता? जूनमधी कारखाना चालू असतो का कुठं? भोगी होती त्या दिशी. तिळाची भाकर तव्यावर टाकली अन् मला कळा सुटल्या. मास्तरला बी सांगितलं होतं म्या. त्यो हसला."

दोन दिवसांनी फडाजवळच्या गावातली नर्सबाई कोपीवर आली होती आणि वहीत काहीतरी लिहून गेली होती, हेही तिला आठवत होतं. गावाचं नाव पाठ होतं.

दोन एसट्या बदलून सर आणि मी त्या नदीकाठच्या गावात गेलो. ग्रामपंचायतीतल्या कारकुनानं कुरकुरत जुनं रजिस्टर काढलं. पोराच्या नावानं शोधलं, सापडलं नाही. आडनावानं शोधलं, नाही. मग सर म्हणाले, भोगीचा दिवस काढा. काढला. मुलाचं नाव: कोरं. पण आडनावाशिवाय का होईना, आईचं नाव होतं, बापाचं होतं, आणि पत्त्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'ऊसतोड टोळी, जिल्हा बीड'.

सरांचं बोट त्या ओळीवरून हलेना. मी खिडकीकडं तोंड केलं.

मास्तरच्या जूनपेक्षा पोरगं सात महिन्यांनी लहान निघालं. बसमध्ये बसल्यावर सर पहिल्यांदा हसले. "म्हंजी आजून एक वर्ष ज्युनिअरमधी खेळंल. साहेबाला पेढे दिले पायजेत."

साहेबानं नक्कल दोनदा उलटीपालटी करून पाहिली. माफी मागितली नाही. नाव मात्र राहिलं.

संघाचा पहिला सामना झाला तेव्हा मी तिच्या टोळीकडं गेलतो. मुकादमाच्या मोबाईलवर सगळे वाकून बघत होते. देशाची जर्सी घातलेलं आमचं पोरगं जाळीवर उठलं आणि त्यानं चेंडू असा हाणला, की टोळीतल्या म्हाताऱ्यानं आपलाच हात झटकला. कोर्टाच्या बाजूला उभे असलेले सर एका क्षणासाठी दिसले. हाताची घडी घालून, आमच्या मैदानावर उभे राहायचे तसेच.

ती कोयता काखेत धरून बघत होती. मला हळूच विचारलं, "त्याच्या कागदावर भोगीचा दिस लिवला का आता?"

लिहिला, म्हणालो.

"मग गावाकडं गेलास की मास्तरला दाखव," ती म्हणाली, आणि परत स्क्रीनवर वाकली.