कुलपांची सून आणि केनिया-घाना

दसरा झाला की तिसगावजवळची ती वस्ती ऊसतोडीला निघायची. ट्रॅक्टरात भांडीकुंडी चढली, की बाया एकेक करून सुरेखाच्या दारात येत आणि आपल्या घराची चावी तिच्या हातात ठेवत. शिकलेल्या सुनेचा मान म्हणे! मान कसला, पायातली बेडीच ती. जिच्या हाती चाव्या दिल्या तिनं लोक परतेपर्यंत वस्ती सोडायची नाही आणि चाव्या दुसऱ्या कुणाला द्यायच्या नाहीत, अशी रीत. गेल्या वर्षी ती एक दिवस नगरला गेली, नेमकी कुणाची तरी पाण्याची मोटार चोरीला गेली आणि खापर हिच्या डोक्यावर फुटलं. यंदा निघताना तिच्या नवऱ्यानं, श्रीमंतनं, सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "ती न्हाई हलायची आता." शब्द यानं दिला आणि अडकली ती.

सुरेखा पीएच.डी. करत होती. केनिया आणि घाना, या दोन देशांच्या सरकारांनी वर्षानुवर्षं रस्ते, धरणं, शाळा असल्या टिकून राहणाऱ्या गोष्टींत किती पैसा घातला, याची तुलना. विषय तिच्या मार्गदर्शक, संगमनेरच्या सुकन्या मॅडमनी सुचवलेला. साखर कारखान्यांवर इतके प्रबंध झालेत की कपाटात जागा नाही, काहीतरी लांबचं घे, असं त्या म्हणाल्या होत्या. सासू भीमाबाई हसून बेजार व्हायची. "तिकडचं रस्तं मोजतीस, आन् आपल्या वस्तीला हाय का गं रस्ता?"

मोजणं सोपं नव्हतंच. केनियाचं सरकारी वर्ष जुलैत सुरू होणार, घानाचं जानेवारीत. त्यांचा मेळ बसवता बसवता जीव मेटाकुटीला यायचा, आणि बसला रे बसला की एखादा देश मागचेच आकडे सुधारायचा. आलेख पुन्हा पहिल्यापासून! तरी तिला ते काम मनापासून आवडायचं. एका देशाची रेघ वर चढताना दिसली की वाटायचं, तिथं कुणीतरी काही बांधतंय. इथं आपण रिकाम्या घरांची कुलपं राखत बसलोय.

तोंडी परीक्षा दोनदा पुढे गेली, दोन्ही वेळा चाव्यांपायी. मग मॅडमनी निक्षून सांगितलं, "सुरेखा, मुदत संपतेय. ही शेवटची. तारीख तूच सांग." तिनं उसावरून हिशेब केला. यंदा ऊस कमी, म्हणजे फेब्रुवारी सरायच्या आत कारखाना बंद होणार, माणसं घरी येणार. तिनं महिनाअखेरची तारीख दिली. दोन देशांची वर्षं जुळवणारी बाई उसाला मात्र फसली. ऊस जास्त निघाला आणि परीक्षा आली तरी वस्तीवर कुणीच परतलं नाही.

"जा," तिच्यासोबत मागं राहिलेली भीमाबाई म्हणाली. "सांजच्याला माघारी ये. कुनाला कळतंय?"

तिसगावहून जीप, नगरहून एसटी. कोल्हार मागे पडलं आणि फोन वाजला. श्रीमंत होता.

"काल कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं. आमी वस्तीवर आलोय. समदे दारात हुबे हायेत, ल्हानी पोरं उनात. चाव्या कुठं हायेत?"

तिचा हात कमरेकडे गेला. जुडगा तिथंच होता, रोजच्या सवयीनं खोचलेला.

"अवो, माझ्यापाशी. मी संगमनेरला चाललेय, परीक्षेला."

पलीकडे गलका वाढला. मग तो दबक्या आवाजात म्हणाला, "उतर तिथंच. माघारी फिर. मी लोकांला शब्द दिलाय."

गाडी थांब्याला लागली. ती उठलीसुद्धा, दारापर्यंत गेली. एवढ्या वर्षांची सवय, पाय आपोआप निघाले. खाली एक पाय टेकणार तोच तिला असं रडू फुटलं की कंडक्टरही गोंधळला.

"कुलपं फोडा," ती फोनवर म्हणाली.

"काय?"

"दगड घ्या आन् फोडा. येताना नवी घेऊन येते सगळ्यांना."

तिनं फोन बंद केला. जागेवर येऊन तिनं कमरेचा जुडगा काढून पिशवीच्या तळाशी टाकला, प्रबंध मांडीवर घेतला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली.