वरात पोहोचल्यानंतरची धून

पुरवणीसाठी एका नव्या अल्बमवर लिहायचं होतं. अल्बम मेडशीच्या एका निवृत्त बँडमास्तरांचा. त्यांनी आयुष्यभर वरातीत क्लॅरिनेट वाजवली. त्यांच्या स्वतःच्या धुना आता पुण्यातल्या एका वाद्यवृंदासोबत ध्वनिमुद्रित झाल्या होत्या. अल्बम अजून बाहेर आला नव्हता, म्हणून ऐकायला वाशीमहून एसटीने त्यांच्या घरीच गेलो.

अंगणात सोयाबीन वाळत घातलं होतं. त्याच्या कडेकडेने आत गेलो. मास्तरांनी आवाज मोठा व्हावा म्हणून मोबाइल स्टीलच्या गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, उभा केला होता. मी तो काढून माझ्या स्पीकरला जोडला.

"गंजातच बरं वाजे," त्यांची बायको म्हणाली.

पहिल्या धुनेत व्हायोलिनं संथ सुरू होतात आणि क्लॅरिनेट बरीच उशिरा येते. वरातीत ती सगळ्यांच्या आधी असते. इथे तिला थांबवून ठेवल्याचं जाणवतं. दुसरीत ढोलाचं काम चेलोंकडे आहे. चाल सांभाळली गेली, धक्का गेला. पुढे एका ठिकाणी व्हायोलिनांचा थर इतका जाड आहे की क्लॅरिनेट शोधावी लागते. हे सगळं मी टिपून घेतलं. मास्तर डोळे मिटून बसले होते.

शेवटच्या धुनेत सगळा वृंद एकदम थांबला. क्लॅरिनेट थांबली नाही. ती एकटीच पुढची ओळ वाजवत राहिली. मध्ये श्वास ओढल्याचा आवाज आला, पुन्हा तीच ओळ आली आणि अर्ध्यातच तुटली.

"हे असंच बसवलंय का?" मी विचारलं.

"नाही. चुकलं," मास्तर म्हणाले. "आमच्यात वरात मांडवापाशी पोचली का वरपक्षाचा मानूस हात वर करते, मंग बँड थांबते. तिथं समोर एक बाई उभी होती, साऱ्याइले इशारे कराले. तिनं हात खाली आनले. मी वाट पाहून राह्यलो, हे हात वर कवा करते."

"अन् सारे जन वाद्य खाली ठेवून याईच्या तोंडाकडं पाहून राह्यले," बायको म्हणाली. "मी स्टुडिओच्या काचेच्या भाईर होती. म्या हात वर केला, तवा थांबले."

"घरधनीनचा हात उठल्यावर थांबाच लागते, साहेब."

पुन्हा वाजवून घेता आलं नव्हतं. पुण्याहून परतल्यावर मास्तरांचा दमा बळावला आणि डॉक्टरांनी फुंकणं कायमचं बंद केलं. संगीत-संयोजकाने त्या धुनेची दोन रूपं पाठवली होती, शेपूट ठेवलेलं आणि कापलेलं. त्याला ठेवलेलं पसंत होतं. कुठलं घ्यायचं ते मास्तरांनी मी गेलो त्याच दिवशी कळवायचं होतं.

"ठेवा म्हना," बायको म्हणाली. "तुमचं शेवटचं फुकनं हाय ते."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मला लांब शेवट अधिक आवडला होता, तसं सांगितलं.

"तुमाले आवडन," ते म्हणाले. "तुमी वरातीत नाचनारे. ढोल थांबल्यावरही जो वाजवत राह्यते ना, तो बक्षीस मागून राह्यला असते. लगेच समजते लोकाइले. मी माह्या बँडच्या पोराइले याच्यावरून बोललो हाय, चार लोकाइत. आता मीच तसा वाजवू?"

"पुन्यावाल्याइले काय समजते ते?"

"मेडशीत समजते ना."

मास्तरांनी फोन लावला आणि कापा म्हणून सांगितलं. पलीकडून संयोजक बराच वेळ समजावत होता. मास्तर हो, हो म्हणत राहिले आणि शेवटी पुन्हा तेच म्हणाले, कापा. मग बायकोने त्यांच्या हातातून मोबाइल घेतला.

"भाऊ, कापलेलं फेकू नोका. माह्या नंबरवर पाठवून द्या."

मास्तर उठून सोयाबीन हलवायला अंगणात गेले.

अल्बम काही आठवड्यांनी बाहेर आला. मी पुन्हा ऐकला आणि जे त्यात होतं त्यावर लिहिलं. शेवटच्या धुनेसाठी एक ओळ पुरली: वृंद आणि क्लॅरिनेट एकत्र थांबतात.