होळीची राख आणि आईचं घेवड्याचं बी

मोठ्या लेखकांनी मला माफ करावं. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि लिहायला घेतलं तेही राखेवर. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचं घर डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. आई अजून चुलीवर रांधते. राखेने भांडी घासते, वांग्यांवर मावा कीड पडली की सकाळच्या दवातच राख उधळते, आणि घेवड्याचं बी राखेत कालवून गाडग्यात ठेवते, म्हणजे भुंगा लागत नाही. हे बी तिने लग्नानंतर माहेरून आणलेलं. आता माहेरीही ते कोणी लावत नाही. उरलंय ते एवढ्या एका गाडग्यात.

हे सगळं मी जन्मापासून पाहतोय. पण यंदा प्रयोगशाळेत सरांनी राखेच्या पाण्यात लाल लिटमस बुडवला, तो निळा झाला, आणि माझ्या अंगावर काटाच आला. आईची राख पुस्तकात होती! शिमग्याला घरी गेलो तो हेच डोक्यात घेऊन.

धुळवडीच्या सकाळी आमच्याकडे लोक होळीची राख घरी नेतात. मी मधोमध फावडं घालून दोन पाट्या भरल्या.

चुलते म्हणाले, "काय राव, कालेजात राखच शिकवत्यात व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो, पण थांबलो नाही. आई पाण्याला गेली होती. ती यायच्या आत राख चाळली, ताजी राख जास्त गुणाची असं वाटून जुनी काढली, बी नव्या राखेत कालवलं, गाडग्याचं तोंड शेणाने लिंपलं. राख कोमट लागली होती. मला वाटलं, उन्हाने असेल.

दुपारी आईने गाडगं उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

"आरं, ह्ये तर तापलंय! राख गार व्हती का?"

"जराशी कोमट होती, आये."

"व्हळीची राख आतनं दोन-दोन दिस धगती. बियाचं फुटाणं केलंस की रं माज्या!"

आम्ही सगळं सुपात ओतलं. दाणे दिसायला होते तसेच होते. आईने दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून माठाशेजारी ठेवले. म्हणाली, "चार-पाच दिसांत कळंल."

मला मात्र दुसऱ्याच दिवशी कॉलेजसाठी मंचरच्या खोलीवर परतावं लागलं. घरात रेंज नाही. फोन करायचा तर आईला टेकाडावर चढावं लागतं. चार दिवस मी फोन हातातून सोडला नाही. वर्गात, मेसमध्ये, नुसतं ते फडकं डोळ्यांसमोर.

पाचव्या दिवशी फोन वाजला. आई धापा टाकत होती.

"मोड आलं रं! धा दाण्यांतल्या आठांना!"

मी व्हरांड्यात ओरडलोच. मग भीत भीत विचारलं, "आणि दोन?"

"ती तुज्या कालेजाला दिली!"