चर्चमधले दुभाषीदादा

माझ्या दोन वाक्यांची दुभाषीदादा सात वाक्यं करायचे. मी म्हणावं, "मेंढपाळ हरवलेलं मेंढरू शोधायला निघाला. ते सापडल्यावर त्याला फार आनंद झाला," आणि थांबावं. मग माझ्या डाव्या हाताला उभे असलेले दादा तिथल्या मावची बोलीत सुरू व्हायचे. वाकून झुडपांत शोधायचे, पायात काटा मोडल्यासारखे लंगडायचे, मध्येच मागच्या रांगेतल्या कुणाला तरी दटावायचे. इतका वेळ, की माझं पुढचं वाक्य मीच विसरून जायचो. सभा मात्र हसायची, डोलायची. मला वाटायचं, काय छान बोलतो आपण!

पन्नासच्या दशकात मी नवापूर तालुक्यातल्या त्या डोंगरकडेच्या गावात पाळक म्हणून गेलो. मी नगरकडचा, मराठी सोडून दुसरं काही न येणारा. गावात घरोघर मावची. माझ्या प्रार्थनेतलं 'आमेन' तेवढं सगळ्यांना कळायचं. कुडाच्या भिंतींचं ते कौलारू चर्च एका गोऱ्या साहेबांनी बांधलेलं. ते मायदेशी परतले आणि चर्चबरोबर दादाही माझ्या वाट्याला आले. साहेबांचं मराठी बोलणंही त्यांनी वीस वर्षं असंच मावचीत नेलं होतं.

दादांची स्वतःची मराठी मिशनच्या शाळेतली, पण बाजारातल्या अहिराणीत मुरलेली. "दादा, तुम्ही एवढं काय सांगता?" असं मी एकदा विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "तुमनंच सांगस साहेब. तेसले समजी इतलं." लोकांना समजेल एवढंच, बस्स. पुढे कुणीतरी मला सांगितलं की माझ्या दाखल्यातल्या द्राक्षमळ्यातले मजूर दादांच्या तोंडी मोहफुलं वेचायला जातात. मी हादरलोच. मोहाच्या दारूविरुद्ध मी दर महिन्याला घसा कोरडा करत होतो! दादा म्हणाले, "द्राक्ष कुणी पाहिलंय साहेब? मोहाखाली पहाटे सगळे जातात. तुम्हीही या एकदा." मी गेलो नाही. पहाटे उठायचा कंटाळा.

तसाच भाषेचाही कंटाळा. शिकेन शिकेन म्हणत पाच वर्षं काढली. दादा असताना अडत कुठे होतं? रविवारी सकाळी गावात उपासना, दुपारी चार मैल चालून पलीकडच्या पाड्यावर, संध्याकाळी परत गावात कुणाच्या तरी अंगणात. तिन्ही ठिकाणी मी बोलून झालं की घोटभर पाणी पिऊन दम खायचो, कारण तेवढ्यात दादा बोलत असायचे. त्यांना दम खाताना मी पाहिलं नाही. एकदा पाड्यावरून परतताना ते वाटेतल्या दगडावर बसले आणि पिंढऱ्या दाबत म्हणाले, "तुम्ही बोलता तेव्हा मी ऐकतो. तुम्ही थांबता तेव्हा मी बोलतो. मी थांबू कधी, साहेब?"

मी हसण्यावारी नेलं. नाताळ झाला की दरवर्षी ते माझ्या ओसरीवर येऊन सांगायचे, "आते मी थकी गऊ. कोणी दुसरा देखा." मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी बघू." ते मान हलवायचे आणि रविवारी पुन्हा डाव्या हाताला हजर. साठी उलटलेल्या माणसाला आपण राबवतोय, हे मला कळत होतं. कळून काही केलं नाही, एवढंच.

पाचव्या वर्षी त्यांची बायको गेली. ताप मुरला होता. बैलगाडीतून चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं, तिथल्यांनी होईल तेवढं केलं, पण ती वाचली नाही. दुसऱ्या दिवशी सगळं गाव दफनाला जमलं. मी पुस्तक उघडलं आणि दादा मुलांमधून उठून नेहमीच्या जागी येऊन उभे राहिले. मला त्यात वावगं काही वाटलंच नाही. मी म्हणालो, "आपली बहीण आता विसाव्याला गेली आहे." दादांनी सांगितलं. त्या दिवशी माझ्या एका वाक्याचं एकच वाक्य होत होतं. मग मी म्हणालो, "तिच्या नवऱ्याला देव धीर देवो."

दादा थांबले. एवढं ऐकून ऐकून नवऱ्यासाठी मावचीत काय म्हणतात ते मलाही कळायचं. ते त्यांनी उच्चारलं, कुण्या परक्या माणसाविषयी बोलावं तसं, आणि वाक्य पुरं केलं. मी तिथेच पुस्तक मिटायला हवं होतं. त्यांना मुलांजवळ बसू द्यायला हवं होतं, रडू द्यायला हवं होतं. मी आणखी दोन प्रार्थना केल्या. त्यांनी त्या दोन्ही सांगितल्या आणि मग मूठभर माती टाकायला वाकले. मला स्वतःची लाज वाटली. आजही वाटते.

आठवड्याने त्यांच्या घरी गेलो. ते तूर निवडत बसले होते. म्हणालो, "दादा, मला मावची शिकवा." त्यांनी मान वर केली. "आते?" एवढंच म्हणाले, आणि सूप बाजूला सारून मला जागा दिली. चार महिने रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसलो. "असं बोलाल तर शेळ्यासुद्धा उठून जातील," म्हणत त्यांनी माझं पहिलं प्रवचन वाक्यावाक्याने तपासून दिलं.

त्या रविवारी मी एकटा उभा राहिलो. दादा सगळ्यांबरोबर आत आले आणि पुरुषांच्या बाजूला भिंतीला टेकून खाली बसले. पंचवीस वर्षांत त्या चर्चमध्ये त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मी घाबरत घाबरत सुरुवात केली. चौथ्या वाक्याला त्यांची मान कलली, दहाव्याला ते चक्क घोरू लागले. पोरं खिदळायला लागली. शेजारच्याने त्यांना ढोसायला कोपर उचललं.

"झोपू द्या त्यांना," मी मावचीत म्हणालो. "दमलेत ते."

हे वाक्य मी दादांकडून तपासून घेतलेलं नव्हतं. पण शेजारच्याने कोपर मागे घेतलं.