जनरेटर सुरू झाला तेव्हा

बायकोचं डोकं मशीनमध्ये पट्ट्यानं बांधलेलं होतं आणि मी रस्त्यावर उभा होतो. एका पायात चप्पल, काखेत तिची पर्स. मिनिटभरापूर्वी आत बसलो होतो; खाली जनरेटर सुरू झाला, माझ्या बुडाखालचा बाक थरथरला, आणि पुढचं सगळं पायांनीच ठरवलं.

"काका, लातूरचे का?" तपासणी करणारे गृहस्थ दारात येऊन म्हणाले. "तिकडचं पेशंट आलं की एक तरी माणूस असा बाहेर सापडतो. चला आत. मॅडम हलल्या न्हाईत, तेवढं बरं हाय."

मॅडम लातूरच्या एका क्लासमध्ये बारावीला गणित शिकवतात. बायकोचं रक्त शरीराच्याच चुकीनं आतल्या आत गोठतं, हे फार उशिरा कळलं. तोवर आमची दोन बाळं पोटातच गेली होती. आता ती फळ्यासमोर गणित अर्ध्यावर सोडून नुसती उभी राहायला लागली. क्लासवाल्यांनी एक बॅच काढून घेतली. मेंदूत रक्त कुठं पोचतं न् कुठं नाही, हे बघायला आम्ही नांदेडला आलो होतो. तपासणीआधी चहा बंद. येताना अहमदपूरच्या स्टँडवर तिनं तीनदा विचारलं, "चहा घेऊ या का?" दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं. मीही दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगितलं.

पडद्यावर मेंदूचे फोटो आले. डावीकडे एक जागा काळी-निळी होती. डॉक्टरांनी तिथं पेन टेकवलं. "इथं रक्त कमी पोचतंय. आणखी बिघडू नये म्हणून औषध देऊ. गेलेलं परत येईलच, असं मी सांगत नाही."

परतीच्या एसटीत तिची पर्स अजून माझ्याच मांडीवर होती. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे हिचा हात धरून हिला कसं बाहेर काढलं, ही गोष्ट मी इतकी वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात सांगत आलोय. जेवणं थांबवून लोक ऐकतात.

"चुकलंच माझं," शेवटी म्हणालो. "तुला तिथं टाकून पळालो."

"त्या पहाटेही तुम्ही आधीच बाहेर होतात," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी मागून आले, तुमचा चष्मा घेऊन. तुम्ही सांगता छान, म्हणून कधी बोलले नाही." बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, "हे मला अजून आठवतंय. आणखी काही विचारायचं असलं तर विचारून घ्या."