पोळीवरची रेघ

शुक्रवार, ११ एप्रिल, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. त्या वेळी मी काय केले, हे आजवर कोणालाही सांगितलेले नाही—आईला नाही, आणि जिला सांगायला हवे होते तिला तर नाहीच.

आधी आमचे गुणदान समजून घ्या. नाहीतर माझा अपराध उगाच लहान वाटेल. नाशिकला पदवीच्या वर्गात लिनिअर अल्जेब्रा शिकवणाऱ्या मॅडमनी टक्केवारीच काढून टाकली होती. विषयाचे वीस घटक, प्रत्येकाची छोटी चाचणी, आणि निकाल दोनच—'जमले' किंवा 'अजून नाही'. न जमलेला घटक पुन्हा द्यावा. आधीची चूक कुठेही मोजली जात नसे. सत्राअखेर अठरा घटक जमले की ए श्रेणी, त्याहून कमी तर बी. त्या 'अजून नाही'ची मी आजही ऋणी आहे. गणितात अडल्यावर लाज वाटू नये, हे मला त्या दोन शब्दांनी शिकवले.

अट एकच—पुन्हा बसण्यापूर्वी तो घटक जोडीदाराला समजावून सांगायचा. त्याने 'तयार' असे लिहून दिले, तरच चाचणी.

माझी जोडीदार वैशाली. कळवणची, वसतिगृहात माझ्याच खोलीत राहणारी. त्या शुक्रवारी तीन वाजता शेवटची चाचणी होती. ए श्रेणीसाठी दोघींनाही एकच घटक हवा होता—आयगेनव्हेक्टर. ए मिळवणाऱ्या सर्वांना मॅडम उन्हाळी प्रकल्पात घेणार होत्या. वैशाली वर्षभर त्याचीच वाट पाहत होती. जागांना मर्यादा नव्हती. मग मला स्पर्धा दिसली तरी कशात?

मला व्याख्या पाठ होती, अर्थ कळला नव्हता. तरी तिने मला विश्वासाने 'तयार' लिहून दिले. मग तिची पाळी आली.

"हे बघ, पोळीवर दोन रेघा मार—एक सरळ, एक तिरकी. आता लाटणं नुसतं पुढं-मागं फिरव. तिरकी वळते. सरळ लांबते, पण दिशा सोडत नाय. तीच आपली आयगेनव्हेक्टर! आपल्या मेसच्या पोळ्या बघून सुचलं गं, एक तरी गोल असती का?"

मला त्या क्षणी सगळे समजले. आणि मी म्हणाले, "हे उदाहरण झालं, व्याख्या नाही. अजून नाही."

मॅडमचे ते मायाळू शब्द—मी कशासाठी वापरले? ती माझ्याआधी, आणि इतक्या सहज, समजली होती—हे मला सोसले नाही. दुसरे काही कारण नव्हते.

ती हसली. "लय कडक हाएस बाई. पण तू म्हणतीस म्हंजे नसंलच." ती बाहेर थांबली. मी आत जाऊन तिचीच पोळी कागदावर उतरवली.

आज माझ्या कामात ही कल्पना रोज लागते, आणि दर वेळी मला तिचे लाटणेच दिसते. जे मला खरोखर समजले, ते तिने दिलेले आहे. हे ऋण मी जाणते; मात्र त्यामुळे केलेले पुसले जात नाही.

त्या दिवशी चाचणीनंतर जमलेल्या घटकांची अंतिम संख्या फळ्यावर लिहायची होती; ती जोडीदाराने लिहायची पद्धत होती. तिने माझ्या नावापुढे अठरा लिहिले, मला टाळी दिली आणि खडू पुढे केला. मी तो घेतला. तिच्या नावापुढे लिहिले—सतरा.