शिरोळची काचेची नळी

नोंदणीच्या नूतनीकरणाला काही गुण कमी पडत होते, म्हणून मी नाशिकहून कोल्हापूरला निघालो. डॉक्टरने शिकत राहावं यासाठी वैद्यक परिषद असे गुण मागते, आणि आमच्यासारखे छोट्या दवाखान्यातले लोक ते गोळा करत गावोगाव हिंडतात.

सकाळी स्टँडजवळ मिसळ खाल्ली. इथे तिच्याबरोबर पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात. कट (वरून घ्यायचा तिखट रस्सा) मागाल तितका. मी "जरा कमी तिखट" म्हणालो. वाढणारा म्हणाला, "पावणं, मग शिरा घ्या की."

चर्चासत्र तातडीच्या उपचारांतल्या नव्या संशोधनावर होतं. पहिला तास फेट्यांत गेला. पाहुणे अकरा, बांधणारा एक, आणि त्याला घाई मान्य नव्हती. फेटा चढला की मूत्रपिंडतज्ज्ञही लढाईला निघाल्यासारखा दिसतो. सर्पदंशावर कमी प्रतिविषात भागतं का, हे सत्र मग निम्म्या वेळात उरकलं. वक्त्याने उरलेला भाग मला जेवताना समजावला. पांढऱ्या रश्श्याच्या तीन वाट्या लागल्या, पण व्यासपीठावरच्यापेक्षा चोख.

दुसऱ्या दिवशी आम्हाला शिरोळकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात नेलं. दारातच एक मोटरसायकल थांबली. वैरण कापताना साप चावलेल्या बायकोला घेऊन तिचा नवरा आला होता. मोबाइलवर सापाचा फोटो होता: घोणस.

पाय थोडा सुजला होता, रक्तस्राव कुठेच नव्हता. घोणस चावली तरी दरवेळी विष सोडतेच असं नाही, आणि प्रतिविषाचा स्वतःचा धोका असतो. तिथले डॉक्टर शेजारच्या खोलीत एका अडलेल्या बाळंतिणीपाशी होते. त्यांनी आतूनच सांगितलं आणि चौगुले सिस्टरांनी बाईचं रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ठेवलं. वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त गोठलं तर नुसतं लक्ष ठेवायचं, पातळ राहिलं तर प्रतिविष.

"गोठलं का वो?" नवरा दर मिनिटाला मला विचारत होता. बाराव्या मिनिटाला मी नळी उचलून तिरकी केली.

"सर, ठेवा खाली!" सिस्टर ओरडल्या. "डॉक्टर हायसा न्हवं?"

"आहे," मी म्हणालो. आवाजात दम नव्हता.

"मग? आता परत सुई, परत वीस मिनिटं."

खाटेवरून बाई म्हणाली, "घ्या रक्त. पर ह्या पावण्यांस्नी भाईर बसवा."

बाहेर बाकावर नवरा शेजारी येऊन बसला. माझ्यामुळे त्याच्या बायकोची बारा मिनिटं गेली होती. तो म्हणाला, "घरात मीठ कुठं ठेवलंय त्ये बी मला ठावं न्हाय वो."

दुसऱ्या नळीतलं रक्त पाण्यासारखं वाहिलं. प्रतिविष सुरू झालं. त्याची विपरीत प्रतिक्रिया येते का, हे कुणीतरी सतत पाहायला हवं होतं. सिस्टरांनी मला आत बोलावलं. "सर, हात लावायचाच असंल तर नाडीला लावा." पुढचा सगळा वेळ मी तेच केलं.

दुपारी परतीची बस धरली. बॅगेत प्रमाणपत्र होतं. वीस मिनिटांचा नियम मला पाठ होता, तो मी दुसऱ्यांना शिकवलाही आहे. पण घाबरलेला नवरा समोर असताना हात खिशात ठेवण्याची परीक्षा माझी कुणी घेतली नव्हती.

सहा तासांनी तीच चाचणी पुन्हा करायची असते. कराडच्या पुढे सिस्टरांचा फोन आला. "गोठलं, सर."

"पूर्ण वीस मिनिटं थांबलात ना?"

"थांबलो की," त्या म्हणाल्या. "तुम्ही नव्हता न्हवं हितं."